कुत्र्याने उंदराचे औषध खाल्ले, तर या चुका टाळा

उंदीर मारण्याच्या विषाला आपण ‘औषध’ म्हणतो आणि गडबड तेथूनच सुरू होते. पावसाळ्यात उंदीर घरात शिरू लागले की माझ्या दवाखान्यात विष खाल्लेले कुत्रे येऊ लागतात आणि बहुतेकांच्या मालकांनी निघण्यापूर्वी घरी काहीतरी उपाय उरकलेला असतो.

त्या उपायांत दूध पहिले. काळपट, लसणासारखा वास येणारी भुकटी पोटात गेली असेल, तर ती बहुधा झिंक फॉस्फाइड असते. पोटातील आम्लाशी तिचा संयोग झाला की फॉस्फीन हा विषारी वायू तयार होतो, आणि अन्न पडले की आम्ल आणखी सुटते. त्यामुळे विष उतरावे म्हणून मायेने पाजलेले वाटीभर दूध त्या वायूलाच जोर देते. याला उतारा नाही आणि हाती वेळही थोडा असतो. म्हणून काहीही न चारता कुत्र्याला थेट दवाखान्यात आणावे आणि गाडीच्या काचा उघड्या ठेवाव्यात, कारण तो वाटेत ओकला तर तोच वायू तुमच्याही नाकात जातो.

मिठाचे पाणी पाजू नये, कारण रक्तातील सोडियम वाढून झटके येतात. घशात बोटे घालू नयेत. रॉकेलसारखा वास येणारा झुरळांचा फवारा पोटात गेला असेल किंवा कुत्रा अर्धवट शुद्धीत असेल, तर उलटी फुप्फुसात उतरू शकते. तेव्हा उलटी करवायची की नाही, हे फोनवर डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.

मला सर्वाधिक चीड येते ती ‘अजून तर धडधाकट आहे, उद्या बघू’ या वाक्याची. एका किराणा दुकानदाराच्या मोतीने सोमवारी गोदामातील निळसर वड्या फस्त केल्या. मंगळवारी विष्ठेत निळे कण दिसले, तेव्हा विष बाहेर पडले असे समजून मालक निर्धास्त झाले. शुक्रवारी मोती जिन्याच्या पायरीवर बसून राहिला आणि त्याच्या हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या. तपासणीसाठी रक्त घ्यायला मी पायाला सुई टोचली, तर त्या एवढ्याशा छिद्रातून, दहा मिनिटे बोळा दाबून धरूनही, रक्त थांबेना. त्या वड्यांत ब्रोमॅडिओलोन होते. रक्त गोठवणारे घटक बनवायला ‘के’ जीवनसत्त्व लागते; हे विष शरीरातील त्याचा पुनर्वापर बंद पाडते, पण आधी बनलेले घटक काही दिवस पुरत असल्याने रक्तस्राव साधारण तीन ते पाच दिवसांनी सुरू होतो. सोमवारीच आणला असता तर उलटी करवून निभावले असते; शुक्रवारी त्याला दुसऱ्या कुत्र्याचे रक्त चढवावे लागले.

वेष्टन फेकून देऊ नये, ते फाटके का असेना, सोबत आणावे. विषाचे नाव कळले की माझा अर्धा तास वाचतो, आणि ‘कसलीतरी हिरवी गोळी होती’ या वर्णनावर मला काहीच करता येत नाही.

मोती दहाव्या दिवशी खेळू लागताच मालकांनी ‘के१’च्या, म्हणजे त्याच ‘के’ जीवनसत्त्वाच्या, गोळ्या थांबवण्याची घाई केली. ब्रोमॅडिओलोन यकृतात आठवडेच्या आठवडे टिकते, त्यामुळे गोळ्या तीन ते चार आठवडे द्याव्याच लागतात. शेवटच्या गोळीनंतर 48 तासांनी रक्त गोठण्याची चाचणी करून घेईपर्यंत मी त्याला सोडले नाही.