जुनी कागदपत्रं सांधायला शिकताय? आधी वाशी (पारंपरिक जपानी कागद) हाताळा

कागद-संवर्धनात नव्यानं येणारा प्रत्येक जण हमखास विचारतो, "सगळ्यात मजबूत जपानी कागद कुठला?" माझं उत्तर त्यांना पटायला वेळ लागतो. फाटक्या जागी लावायचं त्याचं ठिगळ मूळ कागदापेक्षा थोडं कमजोरच हवं. उद्या ताण आलाच तर ठिगळ सुटावं, दोनशे वर्षांचं मोडी पत्र फाटू नये.

वाशी मुख्यतः तीन झाडांच्या सालींपासून बनतो: कोझो, मित्सुमाता आणि गाम्पी. सुरुवातीला कोझोवरच हात बसवा. गाम्पी दिसायला देखणा, चकचकीत, पण पाणी लागलं की आकसतो, नवशिक्याला रडवतो. कोझोचा तंतू साधारण सेंटीमीटरभर लांब, लाकडाच्या लगद्याच्या कितीतरी पट. साल अल्कलीच्या पाण्यात शिजवून, पाण्यात एकेक काळा ठिपका हातानं वेचून मग ती कुटतात. हौदात भेंडीच्या कुळातल्या तोरोरो-आओईच्या मुळांचा बुळबुळीत रस घालतात. तो चिकटवण्यासाठी नसतो बरं का! त्यामुळे तंतू तरंगत राहतात आणि पाणी सावकाश निथळतं. थंडीत हा रस चांगला टिकतो, म्हणून हा उद्योग मुळात हिवाळ्याचा. ओले ताव एकावर एक रचतात, तरी नंतर ते सुटे निघतात, यातही या रसाचा हात आहे.

मिनो, होसोकावा आणि सेकिशू या कागदांची कला २०१४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. रोजच्या कामात मात्र जपानमधल्या कोचीच्या परंपरेतला तेंगुजो जास्त लागतो. झेरॉक्सचा कागद ७०-८० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम) असतो, तर तेंगुजो २ जीएसएमइतका पातळही मिळतो (इतका पातळ यंत्रावरच बनतो). अक्षरांवर लावला तरी मजकूर वाचता येतो.

आता हाताचं काम. ठिगळ कात्रीनं कापू नका. बारीक ब्रशनं पाण्याची रेघ ओढा, क्षणभर थांबा आणि दोन्ही बाजूंनी हळूच ओढा. कडेला तंतूंची मऊ झालर सुटते. तीच मूळ कागदात मिसळते. कापलेली सरळ कड तिथे नवी घडी पाडते. गव्हाच्या स्टार्चची खळ पातळ ठेवा, वर टिपकागद आणि वजन. बाजारातला फेव्हिकॉल नकोच, पुढच्या माणसाला ते ठिगळ काढता आलं पाहिजे.

शाई बघितल्याशिवाय पाणी लावू नका. मोडी दप्तरांतली काजळीची शाई सहसा टिकते, पण आधी कोपऱ्यात तपासा. इंग्रजी अमदानीतल्या नोंदींतली तपकिरी, कागद खाणारी लोहयुक्त शाई ओलाव्यानं पसरते आणि नासाडी वाढते. अशा वेळी वरिष्ठांना विचारा.

टोकियोत इक्रॉम या वारसा-जतनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सहकार्यानं जपानी कागदाच्या संवर्धनाचा अभ्यासक्रम होत आला आहे, पण तो आधीपासून या कामात असलेल्यांसाठी. तोवर रद्दीतल्या जुन्या खातेवह्या मिळवा आणि फाडाफाडी करून सांधत बसा. महागडा ताव विकत घ्यायची घाई नको, नमुन्याचे तुकडे सुरुवातीला पुरतात.