भाजल्यानंतरचे त्वचारोपण: काय विचारावे, काय सांभाळावे

त्वचारोपण ठरले की रुग्णाचा पहिला प्रश्न असतो, कातडी कुठून घेणार? ती बहुधा त्याच्याच मांडीवरून पातळ थराच्या रूपात घेतात. ती जागा साधारण दोन आठवड्यांत भरून येते, पण सुरुवातीला तिथे मूळ जखमेपेक्षाही जास्त ठणका लागू शकतो, हे रुग्णाला आधीच सांगायला हवे. सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा समकक्ष पदवी आहे का, हे निःसंकोच विचारावे. विडी-तंबाखू तत्काळ बंद करावी, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि नवी कातडी नीट धरत नाही.

खरी कसोटी घरी गेल्यावर लागते. मान, कोपर, बोटे यांवरची कातडी महिनोन्महिने आक्रसत राहते. म्हणून स्प्लिंट (सांधा योग्य स्थितीत धरून ठेवणारा आधार), व्यायाम आणि अंगाला घट्ट बसणारे दाबाचे कपडे, आंघोळीपुरते सोडून दिवसरात्र, डॉक्टर सांगतील तितका काळ वापरावेत, कितीही उकडले तरी. मानेखाली उशी घेऊन हनुवटी छातीकडे झुकवून झोपणे कटाक्षाने टाळावे.

वण पूर्णपणे जात नाही. तो मऊ आणि फिकट व्हायला 12 ते 18 महिने लागतात. विम्यातून सौंदर्यशस्त्रक्रिया वगळलेली असते, भाजल्यानंतरची पुनर्रचना शस्त्रक्रिया मात्र सहसा वगळलेली नसते. त्यामुळे ती वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असल्याचे डॉक्टरांकडून लेखी घ्यावे.