तिथीची पाऊणपट आणि किनाऱ्यावरचा कॅमेरा

कोकणात फोटोंसाठी निघायचं ठरलं की मी आधी भिंतीवरचं कालनिर्णय बघते. रजा कधी टाकायची हे तिथीवरून ठरवते, खोली नंतर शोधते. हा हिशेब मला हर्णै बंदरातल्या एका तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने शिकवला. पक्षातल्या तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे निघण्यापूर्वी त्या बंदराचं भरतीचं वेळापत्रकही बघायचं. पण कुठल्या आठवड्यात जायचं, ते या पाऊणपटीवर पक्कं करता येतं.

याचा फोटोशी संबंध असा. पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी सूर्यास्ताच्या सुमाराला येते. उधाणाचे दिवस असल्याने पाणी खूप आत जातं आणि मैलभर ओली पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, उघडी पडते. तिच्यावर पाण्याचा पातळ थर असेतोवर सगळं आकाश खाली उतरतं. अष्टमीला त्याच जागी, त्याच वेळी गेलात तर भरती असते. ती ओली पुळण पाण्याखाली गेलेली असते.

माझा नेहमीचा रस्ता ताम्हिणीतून दिवेआगरला उतरतो. तिथून शेखाडीवरून श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याला फेरीबोटीत गाडी चढवून वेश्वी, मग केळशी, आंजर्ले, हर्णै. पुढे दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा आणखी दोन फेरीबोटी, आणि शेवटी गणपतीपुळ्यावरून रत्नागिरी. चार दिवस हवेत. तीन दिवसांत केलंत तर फोटो गाडीच्या काचेतूनच निघतील.

शेखाडीच्या बाजूला रस्ता अगदी पाण्याला लागून जातो. इथे ओहोटीला काळे खडक उघडे पडतात आणि त्यांच्या खळग्यांत पाणी साचून राहतं. कॅमेरा गुडघ्याइतका खाली आणा आणि एखादा खळगा अगदी पुढ्यात घ्या. पुढ्यात काहीच नसलं तर फोटोत एक आडवी रेघ आणि तिच्यावर सूर्य, एवढंच उरतं. ट्रायपॉड हवाच. लेन्सचं छिद्र एफ ११, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, आणि शटर अर्ध्या सेकंदापासून दोन सेकंदांपर्यंत. उजेड जास्त असेल तर सहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड सहा वेळा निम्मा करणारी काळी काच लावा, सेकंदाचा तिसावा भाग दोन सेकंदांवर जातो. बटण लाट फुटताना दाबू नका, परतताना दाबा. परतणारं पाणी वाळूवर पांढऱ्या रेघा ओढत जातं, आणि फोटोत चाल येते ती त्या रेघांमुळे. अर्धा-अर्धा मिनिट शटर उघडं ठेवून समुद्राचं धुकं करतात, ते मला पटत नाही. त्यात लाट मरते.

ट्रायपॉडचे पाय ओल्या वाळूत दाबून, रुतवून ठेवा, आणि प्रत्येक मोठ्या लाटेनंतर पुन्हा दाबा. पायाखालची वाळू पाणी ओढून नेतं. केळशीला माझा ट्रायपॉड असाच कलंडला आणि लेन्समध्ये खारं पाणी गेलं. ती लेन्स परत कधी धड चालली नाही.

सूर्य बुडाला की लोक गाड्यांकडे वळतात. तुम्ही अजून वीस-पंचवीस मिनिटं थांबा. खरा रंग तेव्हा चढतो. आकाश आणि वाळू एका एक्स्पोजरमध्ये नीट येत नसतील तर दोन फोटो घ्या, एक आकाशासाठी आणि एक वाळूसाठी, आणि घरी जोडा. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. डिसेंबरात सूर्य पश्चिमेपासून बराच डावीकडे, दक्षिणेला सरकून मावळतो. मे महिन्यात पाहून ठेवलेली जागा तेव्हा उपयोगी पडेलच असं नाही.

हा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून पहाटे इथे काही नाही असं बरेच जण समजतात. मला इथली पहाट जास्त आवडते. पौर्णिमेच्या आसपास तांबडं पाठीमागे डोंगराकडे फुटत असतं आणि समोर चंद्र समुद्रात उतरत असतो. क्षितिजालगत निळसर करडा पट्टा दिसतो, ती पृथ्वीचीच सावली, आणि तिच्यावर गुलाबी पट्टा. रात्री चंद्र नीट घेतला तर समुद्र काळा पडतो. या दहा-पंधरा मिनिटांत दोन्ही एका फोटोत येतात. ओहोटीही याच सुमाराला असते, म्हणजे पुळणही मोकळी.

धोपावे आणि तवसाळच्या मध्ये हेदवी लागतं. तिथल्या बामणघळीसाठी मात्र हिशेब उलटा करायचा. तिथे भरतीच हवी. खडकाच्या चिरेत लाट घुसते आणि पाणी उंच उसळतं. पौर्णिमेला भरती भर दुपारी येते, ऊन पांढरंफटक असतं. म्हणून मी पंचमी-षष्ठी निवडते. तेव्हा भरती पावणेचार ते साडेचारला येते आणि उन्हं तिरकी होऊन उसळत्या थेंबांतून आरपार येतात. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवा. कातळ जिथवर ओला दिसतो तिथवर लाट येऊन गेलेली असते, म्हणून कोरड्या कातळावरच, चिरेपासून लांब उभे राहा. लांब लेन्स त्याच कामासाठी असते.

हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव चालतो. कॅमेरा काढण्याआधी तिथल्या बायकांना विचारा. त्या कामात असतात, आणि नाही म्हणाल्या तर नाही.

गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला जाताना आरे-वारेला वरच्या वळणावरून दोन्ही पुळणी दिसतात. तिथे सकाळी नऊ-दहाला जा. ऊन पाठीमागून पाण्यावर पडतं आणि हिरव्यापासून गडद निळ्यापर्यंत सगळ्या छटा उघडतात. पोलरायझर, म्हणजे चमक कमी करणारा फिल्टर, सावकाश फिरवत पाण्यावरची चमक उतरवा.

रात्री खोलीवर आल्यावर ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याने धुवा. कॅमेरा गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने पुसा, मग कोरड्याने. बॅग एसीत ठेवू नका. पहाटे बाहेर काढताच लेन्सवर दव धरतं, आणि ते जाईपर्यंत चंद्र बुडालेला असतो.