लिरिकल रॅपला स्कोप आहे का? आधी एका दमात म्हणून दाखवा

मी रॅप करतो, त्यामुळे नवीन पोरांचा मेसेज आला की पहिला प्रश्न ठरलेला. दादा, लिरिकल रॅप (म्हणजे शब्दांवर उभा असलेला रॅप) परत चालेल का, की आता सगळं रीलवरच? सोबत ऑक्टोबर 2025 ची ती बातमी जोडलेली असते: अमेरिकेतल्या गाजलेल्या गाण्यांची यादी असलेल्या बिलबोर्ड हॉट 100 च्या पहिल्या चाळीसात एकही रॅप गाणं नाही, 1990 नंतर पहिल्यांदाच. बातमी खरी आहे, पण लोक अर्धीच वाचतात. जुनी गाणी यादीतून लवकर काढायचा नियम बिलबोर्डने त्याच सुमारास कडक केला आणि अमेरिकन रॅपर केंड्रिक लमारचं गाणं त्यात बाहेर गेलं. त्याच केंड्रिकच्या अल्बमला 2018 मध्ये पुलित्झर मिळालंय, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये त्याच्या एका डिस ट्रॅकने (समोरच्याची उणीदुणी काढणारं गाणं) पाच ग्रॅमी नेले. त्या ट्रॅकचा हुक, म्हणजे परत परत येणारी ओळ, शेंबड्या पोरालाही म्हणता येतो, हे मात्र विसरू नका.

आपल्याकडं 2019 मध्ये 'गली बॉय' आला आणि कॉलेजच्या गॅदरिंगला एक तरी रॅपर दिसायला लागला. बहुतेक जण मुंबईच्या हिंदीत रॅप करायचे. 2023 मध्ये पुण्याचा एमसी स्टॅन बिग बॉस जिंकला, मग गळ्यात साखळी आणि आवाजाला ऑटोट्यून. यात वाईट काही नाही, पण लातूरच्या पोराने अंधेरीच्या गल्लीची दुःखं सांगितली की मला हसू येतं.

आता मुद्द्याचं. बीट, बार, फ्लो तुम्हाला माहीत आहे असं धरतो. मी ज्यात फसलो ते नीट ऐका, कारण अजूनही दहातले आठ नवीन जण (हा माझा अंदाज) त्यातच फसतात. तो सापळा म्हणजे पंच-इन.

स्टुडिओत बसलात की रेकॉर्डिस्ट एक ओळ घेतो, थांबवतो, पुढची घेतो. श्वासाचा आवाज कापून टाकतो. एका ओळीचं शेपूट दुसऱ्या ओळीच्या डोक्यावर चढवतो. ऐकताना वाटतं, काय स्पीड आहे राव! मग आपण आणखी शब्द कोंबतो. 90 बीपीएमच्या (मिनिटाला 90 ठोके) बीटवर एक बार, म्हणजे चार ठोके, साधारण पावणेतीन सेकंदांचा, म्हणजे सोळा बार जेमतेम 43 सेकंदात संपतात. प्रत्येक बारचे सोळा बारीक खण करा आणि सगळ्या खणांत अक्षर भरा: श्वास कुठं घेणार? कुठंच नाही. कागदावर दिसत नाही, रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येत नाही. स्टेजवर चौथ्या-पाचव्या बारला छाती रिकामी होते आणि ओळीचा शेवट, जिथं तुमचा टाळी घेणारा पंच आहे तोच, गिळला जातो.

माझं हे लातूर जिल्ह्यातल्या एका जयंतीच्या कार्यक्रमात उघडं पडलं. उघडं मैदान, दोन्ही बाजूंना बासची थप्पी, पुढं पोरं नाचायलेली. मला वाटलं गाणं हिट झालं. खाली उतरलो तर भीमगीतं ऐकायला आलेले एक काका म्हणाले, "आवाज चांगलाय रे तुझा, पण काय म्हणलालास तेच कळंना गेलंय." पोरं बासवर नाचत होती. शब्दांवर घासलेल्या माझ्या रात्री त्या बासखाली गेल्या.

तेव्हापासून एकच नियम पाळतो: जे एका दमात, म्हणजे मधे न थांबता, चालत चालत, फोनवर एका टेकमध्ये म्हणता येत नाही ते स्टुडिओत न्यायचं नाही. दर दोन बारनंतर एक खण रिकामा. आणि पंचच्या आधी किंचित जास्त जागा, म्हणजे क, ट, प ही अक्षरं बासमधून वर येतात. मागे रेकॉर्ड केलेलं पूर्ण व्होकल लावून नुसते ओठ हलवणारे पुष्कळ आहेत. ते रॅप करतात असं मी मानत नाही, तुम्ही माना.

दुसरं दुखणं यमकाचं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे करतो-धरतो-मरतो आपोआप जुळतं. ते जुळवायला डोकं लागत नाही, आणि ऐकणाऱ्याला ते कळतं. चॅटजीपीटीकडून लिहून घेणाऱ्यांचं गाणं मी दुसऱ्या ओळीला ओळखतो, सगळीकडे आहे-आहे-आहे. क्रियापद काढा, नामं जुळवा. माझ्या वहीतली ओळ:

पुढाऱ्याच्या वाड्यावर पाण्याचा टँकर,
आमच्या वस्तीला नुसता गाण्याचा अँकर.

फार मोठी कविता नाही, पण पहिल्यांदा ऐकूनच लोक हसतात. त्यांना दुसरी संधी मिळत नाही हे लक्षात ठेवून लिहा.

शिकायचं कुठं? कोर्स विकणाऱ्यांकडं नको. लातूर पॅटर्नने डॉक्टर होतात, रॅपर नाही. जो उस्ताद वर्षभरात स्वतः एक ओळ लिहीत नाही आणि तुमच्याकडून फी घेतो, त्याला नमस्कार करून निघा. त्यापेक्षा मुशायऱ्याला जा, संभाजीनगर, नांदेड, परभणीत होतात. शायर पहिली ओळ दोनदा म्हणतो, लोकांना वाट बघायला लावतो, मग काफिया, म्हणजे यमकाचा शब्द, टाकतो. कीर्तनात बुवा ध्रुपदावर परत परत येतात, तोच हुक. नाथांनी पैठणला भारुडं लिहिली ती अडाणी माणसाला उभ्या उभ्या कळावीत म्हणून. देवद्वार अभंग सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा असतो आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. चौथा आखूड चरण म्हणजे श्वासाची जागाच, हो की नाही?

म्हणून मला स्कोपची चिंता नाही. 1978 ते 1994 मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची चळवळ चालली, त्यात शाहिरांनी गाणी म्हणत गावं जागी ठेवली. आजही 14 जानेवारीला विद्यापीठ गेटसमोर लोक उभे राहून शब्द ऐकतात. आपल्या भागात शब्द ऐकणारा माणूस कधीच संपला नव्हता. वरातीत मात्र लिरिकल रॅप वाजणार नाही, ते डोक्यातून काढा. आणि शब्द लोकांपर्यंत पोचले की अंगावरही येतात: 2023 मध्ये संभाजीनगरच्या एका रॅपरवर राजकीय गाण्यावरून गुन्हा दाखल झाला होता. घाबरवत नाही, पण कुणावर थेट लिहिणार असाल तर एखादा वकील ओळखीचा ठेवा.

पैशाचं थोडक्यात. स्पॉटिफायवर 30 सेकंद ऐकलं तरच स्ट्रीम धरतात, त्यामुळे पाऊण मिनिटाचा इंट्रो विसरा. मागच्या 12 महिन्यांत 1000 स्ट्रीम झाले नाहीत तर त्या गाण्याचा छदाम मिळत नाही. ते भरायला स्ट्रीम विकत घेऊ नका, पकडले की गाणंच काढून टाकतात. 'फ्री' बीट बहुतेकदा कमाई न करण्याच्या अटीवर फुकट असतं, लायसन्स लेखी घ्या.

राहिलं पुण्याला जायचं. सगळे विचारतात. जा की, पण रूमचं भाडं भरायला नोकरी बघूनच जा, आणि व्होकल ट्रॅकशिवाय वीस मिनिटं उभं राहता आल्यावर जा. तोवर गावातल्या मंडळाकडं दोन गाण्यांची वेळ मागा, देतात. कार्यक्रमाच्या तासभर आधी साउंडवाल्याला चहा पाजा आणि सांगा, भाऊ, बीट आवाजाच्या खाली ठेव, माइकचा बास काढ. तो हो म्हणेल आणि करणार नाही. स्टेजवर चढायच्या आधी परत एकदा सांगा.