पट्ट्यावर चालणाऱ्या जुन्या मशिनचे सुटे भाग कसे ओळखावेत

गंजलेल्या ढिगातला भाग हाती आला की आपण आधी तारेचा ब्रश घेतो. थांबा. रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने नुसता मळ काढा. तो भाग कुठे चकचकीत झिजलाय आणि कुठे ओतकामाचा खडबडीतपणा तसाच आहे, यावरूनच त्याचं काम कळतं. ते घासून पुसलं की पुढचं सगळं अंदाजपंचे.

पुली असेल तर तिच्या रुंदीवर आडवी पोलादी पट्टी धरा. मध्यभाग किंचित फुगीर असेल, तर पट्टा एकाच जागी चालायचा; सपाट पट्टा आपोआप उंचवट्याकडे चढतो. पुली सपाट आणि चांगली रुंद असेल, तर बहुधा तिच्यावर पट्टा डावी-उजवीकडे सरकवत असत. म्हणजे ती मुख्य शाफ्टवरची, समोरच्या फास्ट-लूज जोडीला फिरवणारी. या जोडीतली फास्ट पुली शाफ्टला घट्ट बसवलेली, तर शेजारची लूज शाफ्टवर मोकळी फिरणारी.

ही जोडी ओळखताना लोक हमखास फसतात, कारण बाहेरून दोघी जुळ्या बहिणी. भोकात बोट घालून बघा. चावीची (पुली शाफ्टला अडकवणाऱ्या पाचरीची) खाच किंवा कसायचा स्क्रू लागला तर फास्ट. आत पितळी बुश आणि हबला (मधल्या जाड भागाला) तेलाचं भोक असेल तर लूज. मशिन बंद असताना पट्टा तिच्यावर नुसताच फिरायचा. लूज पुली कधीकधी मुद्दाम थोडी लहान असते, पट्ट्याचा ताण कमी व्हावा म्हणून. तिला 'चुकीच्या मापाची' म्हणून भंगारात टाकू नका. दोन बोटांचा, दांड्यावर सरकणारा काटा सापडला तर तोही याच कुटुंबातला: पट्टा ढकलणारा.

पायऱ्यांची पुली (एकाच तुकड्यात लहान-मोठ्या व्यासांच्या पायऱ्या असलेली) एकटीच मिळाली तर जोडीदाराचं माप काढता येतं. समोरासमोरच्या पायऱ्यांच्या व्यासांची बेरीज जवळपास सारखी असते. हातातली 200, 160 आणि 120 मिमीची असेल, तर जोडीदार बहुधा तशीच, पण उलटी बसवलेली: 200 समोर 120. प्रत्येक वेळी 320.

बेअरिंगच्या आत करडा, चाकूच्या टोकाने सहज ओरखडा उठणारा धातू दिसला की ते बॅबिट, म्हणजे बेअरिंगला आतून लावायचा मऊ मिश्रधातू. त्यात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका, तापवूही नका.

बोल्टच्या आट्यांसाठी आटे मोजायचं गेज लावा. अर्धा इंची बोल्टला इंचात 13 आटे असतील तर तो अमेरिकी. 12 असतील तर आट्याचा कोनही बघा: 55 अंश असेल तर व्हिटवर्थ (जुनं ब्रिटिश माप), 60 असेल तर जुना अमेरिकी असू शकतो.

आकड्यांचं म्हणाल, तर ओतलेला उठावदार आकडा साच्याचा असतो. तो त्या नमुन्याच्या प्रत्येक भागावर सापडेल. मशिनचा स्वतःचा क्रमांक ठोकून उमटवलेला असतो. लेथमध्ये तो अनेकदा बेडवर (खालच्या लांब पायावर), टेलस्टॉककडच्या (कामाचं दुसरं टोक धरणाऱ्या आधाराकडच्या) टोकाला, रंगाच्या थराखाली लपलेला असतो. रंग काढायचाच तर तिथे लाकडी पट्टीने हळू खरवडा. तिरप्या उजेडात आकडे चटकन दिसतात.