ढोराला सूज आली तर कोणतं इंजेक्शन मागायचं? गिधाडांसाठी गोठ्यातली काळजी

पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी बरीचशी नोकरी रामटेक तालुक्यात झाली. आता नागपुरात, मानेवाड्याला राहतो. नव्वदच्या दशकात ढोराला ताप आला, पाय सुजला, कासेला दगडी झाली की मी डायक्लोफिनॅक हे सूज-दुखण्यावरचं औषध टोचायचो. सकाळी आडवी पडलेली गाय संध्याकाळी उठून कडबा ओढायची. त्याच वर्षांत मनसरकडच्या माळावर मेलेल्या ढोरांवर उतरणारी गिधाडं कमी कमी होत गेली. दोन्हींचा संबंध 2004 साली शास्त्रज्ञांनी उघड केला: हे औषध टोचलेल्या ढोराचं मढं खाऊन गिधाडं मरत होती. त्यानंतर कितीतरी दिवस मला माझ्या हातांकडे बघवत नव्हतं.

एखादं पाखरू संपलं तर आपलं काय बिघडतं, असं लोक विचारतात. माझं म्हणणं सरळ आहे: जे आपल्या सुईनं संपत आलं, ते वाचवणं आपल्याच अंगावर आहे. पांढऱ्या पाठीची गिधाडं 1992 ते 2007 या काळात भारतात हजारातलं एक उरली. गिधाडीण वर्षाला एकच अंडं घालते, त्यामुळे गेलेली संख्या लवकर भरून येत नाही.

तेव्हा गोठ्यापासून सुरुवात करा. डॉक्टर इंजेक्शन भरायला लागले की बाटली हातात घ्या आणि नाव वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला बोलवा. डायक्लोफिनॅक जनावरांसाठी 2006 पासून बंद आहे, कीटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक 2023 पासून. निमेसुलाइडही नको. ‘साहेब, मेलॉक्सिकॅम द्या’ एवढंच म्हणा. सूज, ताप, दुखणं या सगळ्यावर ते चालतं आणि गिधाडाला बाधत नाही. टोल्फेनॅमिक ॲसिडही चालतं. किती द्यायचं ते डॉक्टरच वजन बघून ठरवतील, आपण अंदाजानं टोचू नये.

माणसांच्या औषधावर खास नजर ठेवा. बंदीनंतरही माणसांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचत होत्या, म्हणून 2015 साली ती बाटली 3 मिलीची केली. तरी कुणी चार-पाच छोट्या बाटल्या फोडून सिरिंज भरताना दिसला, तर तिथंच थांबवा. गावचा माणूस आहे, वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका.

एका गाईनं काय होतं, असं वाटेल. पण एका मढ्यावर गिधाडांचा अख्खा थवा बसतो. शंभरात एकाहून कमी मढ्यांत हे औषध असलं, तरी गिधाडं संपायला तेवढं पुरतं. औषधानं गिधाडाचं मूत्रपिंड निकामी होतं. मेलेलं गिधाड उघडलं की काळजावर, आतड्यांवर चुना फासल्यासारखा पांढरा थर दिसतो.

औषध दिलेलं जनावर आठवडाभरात दगावलं, तर उघड्यावर टाकू नका, खोल खड्डा करून पुरा. काय टोचलं होतं ते ठाऊक नसेल तरीही पुराच.

वाघानं गाय मारली तर रागाच्या भरात मढ्यावर विष टाकू नका. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या आजूबाजूच्या गावांना हे हात जोडून सांगतो. त्या विषानं वाघ मरतो, कोल्हा मरतो आणि उतरलेलं प्रत्येक गिधाडही मरतं. मढं हलवू नका, वनखात्याला लगेच कळवा आणि पंचनामा करून घ्या. भरपाई मिळते.

2024 साली हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात वाढलेली लांब चोचीची गिधाडं पेंचमध्ये आणून सोडली. जंगलाची हद्द त्यांना कळत नाही, ती तुमच्या शिवारातही उतरतील. पाठीवर माग काढायचं लहानसं यंत्र बांधलेलं गिधाड धुऱ्यावर थकून बसलेलं दिसलं, तर दगड मारू नका, जवळ जाऊन फोटो काढू नका. कुत्री बांधून ठेवा आणि वनखात्याच्या 1926 वर फोन लावा. माणसं येईपर्यंत लांब उभं राहून त्याच्याकडे लक्ष ठेवा.