डीएसएलआर की छोटा कॅमेरा? पैसे देण्याआधी या चुका टाळा

केळीचे नाहीतर कापसाचे पैसे हातात आले की माझ्या स्टुडिओत एक प्रश्न हमखास येतो. रोजच्या फोटोंसाठी कॅमेरा घ्यायचाय, डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) घेऊ की छोटा? विचारणाऱ्याचं बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं, माझ्याकडून त्याला फक्त होकार हवा असतो. पारोळ्याकडच्या एका काकांनी तर प्रश्नही विचारला नाही. "भाऊ, माले मोठाच कॅमेरा पायजे," म्हणाले. कशासाठी? नातवाचे फोटो काढायला. नातू दीड वर्षाचा, घरभर पळणारा.

भुसावळला स्टुडिओ चालवून मला २२ वर्षं झाली. विकलेले, दुरुस्तीला आलेले आणि दोन वर्षं कपाटात पडून परत विकायला आलेले असे सगळे कॅमेरे या टेबलावरून गेलेत. त्याच त्या चुकांपायी लोकांचे कष्टाचे पैसे जाताना बघून जीव तुटतो, म्हणून हे लिहितोय.

"मोठा कॅमेरा म्हणजे चांगला फोटो"

सगळ्यात जास्त पैसे या समजुतीने घालवले आहेत, त्यामुळे यावर जरा सविस्तर बोलतो.

मोठ्या कॅमेऱ्यात सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, मोठा असतो, हे खरं. निकॉनच्या डी३५०० सारख्या डीएसएलआरमध्ये तो साधारण २३.५ × १५.६ मिलिमीटरचा असतो. चांगल्या छोट्या कॅमेऱ्यात, म्हणजे सोनीच्या आरएक्स१०० मालिकेत, ज्याला एक इंची म्हणतात तो १३.२ × ८.८ मिलिमीटरचा सेन्सर असतो. क्षेत्रफळ काढलं तर डीएसएलआरचा सेन्सर तिपटीहून थोडा जास्त भरतो. लोक इथेच थांबतात. पण सेन्सरपर्यंत उजेड पोचवते ती लेन्स, आणि डीएसएलआरसोबत मिळणाऱ्या १८-५५ किट लेन्सचं तोंड एफ/३.५ पासून सुरू होतं आणि झूम केल्यावर एफ/५.६ वर येतं (एफपुढचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं). आरएक्स१०० च्या २०१४ साली आलेल्या तिसऱ्या मॉडेलची लेन्स एफ/१.८ ते २.८ आहे. एफ/३.५ च्या जागी एफ/१.८ असेल तर जवळजवळ चौपट उजेड आत येतो. म्हणजे मोठ्या सेन्सरने कमावलेलं सगळं अरुंद लेन्सने घालवलं. घरातल्या उजेडात दोघं बरोबरीत येतात, छोटा काकणभर सरसच ठरतो.

हे मी कागदावर मांडायच्या आधी डोळ्यांनी पाहिलं ते अमळनेरला, बहिणीकडे कानबाई, आपली खानदेशातली देवी, बसली होती तेव्हा. नागपंचमीनंतरचा रविवार, रात्रीचे अकरा. चौरंगावर कानबाई, नारळाला नथ आणि डोळे लावलेले, समोर समया, एका कोपऱ्यात पिवळा बल्ब. बाया दाटीवाटीने बसून गाणी म्हणत होत्या. दाजींनी आठवड्यापूर्वीच नवा डीएसएलआर आणला होता. ते दाराशी उभे राहून ५५ वर झूम करून फोटो काढायला लागले. ऑटोवर होता, फ्लॅश उडाला. फोटोत नथ पांढरीफटक, मागच्या भिंतीवर काळी सावली, समयांचा उजेड कुठल्या कुठे. मी फ्लॅश बंद करायला लावला. मग कॅमेऱ्याने आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ६४०० आणि शटर १/१५ सेकंद धरलं. टाळ्या वाजवणाऱ्या हातांचे नुसते पांढरे फराटे आले.

त्याच वेळी भाची तिचा छोटा कॅमेरा घेऊन बायांच्या मधोमध मांडी घालून बसली होती. एफ/१.८, आयएसओ ३२००, शटर १/८०. तिच्या फोटोत समईच्या ज्योतीचा पिवळा रंग कानबाईच्या गालावर उतरलेला होता, आणि शेजारी बसलेल्या म्हातारीच्या तोंडावरच्या सुरकुत्या एकेक मोजता येत होत्या. दाजींचं तोंड उतरलं. मला वाईट वाटलं, कारण कॅमेऱ्याचा त्यात काहीच दोष नव्हता. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, ही निम्मी खरेदी असते. पुढच्या महिन्यात मी त्यांना ३५ एमएम एफ/१.८ लेन्स घ्यायला लावली. तीच बॉडी, तेच घर, आणि आता त्यांचे रात्रीचे फोटो भाचीपेक्षा उजवे येतात.

म्हणून डीएसएलआर घेणार असाल तर हिशोबात एक एफ/१.८ ची लेन्स पहिल्या दिवसापासून धरा. ती परवडत नसेल तर त्या पैशात एक इंची सेन्सरचा छोटा कॅमेरा घ्या. "लेन्स नंतर बघू" म्हणणाऱ्या दहातल्या आठांची ती नंतर कधीच येत नाही.

आणि छोटा म्हणून कुठलाही छोटा घेऊ नका. नखाएवढ्या सेन्सरचे, ६.२ × ४.६ मिलिमीटरवाले स्वस्त कॉम्पॅक्ट आता रोजच्या फोटोंसाठी घेण्यात अर्थ राहिलेला नाही. तुमच्या खिशातल्या बऱ्यापैकी फोनचा मुख्य सेन्सर त्याहून मोठा असतो.

कॅमेरा घरी राहतो

दुसरी मोठी चूक वजनाची. दुकानात दोन मिनिटं हातात धरून कुणालाच काही जड वाटत नाही. डी३५०० बॅटरीसकट ४१५ ग्रॅम, किट लेन्स २०० च्या वर, मग दुसरी लेन्स, चार्जर, बॅग. दीड किलो कधी होतो कळत नाही.

माझा उपाय साधा आहे. दीड किलो ज्वारीचं पीठ पिशवीत भरा आणि आठ दिवस जिथे जाल तिथे खांद्याला लावून न्या. बाजारात, शेतात, मोटरसायकलवर, नातेवाइकांकडे. चौथ्या दिवशी पिशवी घरी विसरलात तर कॅमेराही विसराल. लोकांना हे ऐकून नवल वाटतं, पण ज्यांनी खरंच करून पाहिलं त्यांच्यापैकी एकही जण चुकीचा कॅमेरा घेऊन परत आलेला नाही.

त्याच्या जोडीला मी फोनमधले शेवटचे २०० फोटो बघायला मागतो. काकांच्या फोनमध्ये जवळपास सगळे नातवाचे होते, सगळे घरातले, दोन-तीन हातांवरून काढलेले, निम्मे संध्याकाळचे आणि हललेले. त्यांना डीएसएलआरची गरजच नव्हती. मी माझा जुना छोटा कॅमेरा आठ दिवस त्यांच्या हाती दिला. परत आले तेव्हा उंबऱ्यावर बसून भाकर चघळणाऱ्या पोराचा फोटो होता, ओठाच्या कडेला कण चिकटलेला, नजर सरळ आजोबांकडे. त्याचाच १२ × ८ चा प्रिंट काढून घेऊन गेले.

प्रिंटवरून आठवलं, मेगापिक्सेलच्या मागे लागू नका. १२ × ८ इंचाला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ३६०० × २४०० पिक्सेल लागतात, म्हणजे ९ मेगापिक्सेलसुद्धा पुरे.

धूळ

खानदेशात राहून धुळीचा विचार न करता कॅमेरा घेणं ही मला न समजणारी गोष्ट आहे. उन्हाळ्यातला वारा, कच्चे रस्ते, थंडीत जिनिंगच्या आसपास उडणारी कापसाची तूस. आणि सारंगखेड्याची यात्रा.

दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो तेव्हा भाच्याला घेऊन गेलो होतो. त्याच्याकडे डीएसएलआर आणि दोन लेन्स. घोडा जवळ आला की लहान लेन्स, लांब गेला की मोठी. घोडे धावताहेत, टापांनी धुळीचे लोट उठताहेत, आणि हा मधोमध उभा राहून बॉडीचं तोंड आभाळाकडे करून लेन्स बदलतोय. मी दोनदा ओरडलो. "मामा, एक मिनिट," म्हणाला. संध्याकाळी सूर्य बुडताना एफ/१६ वर काढलेल्या प्रत्येक फोटोत आभाळभर काळे ठिपके. तिथवरही ठीक होतं, ब्लोअरने, म्हणजे हवा मारायच्या रबरी फुग्याने, निघाले असते. पण त्याने घाईने आरसा वर करून आत तोंडाने फुंकर मारली. थुंकीचे बारीक थेंब सेन्सरवरच्या काचेवर बसले आणि वाळले.

ते साफ करायला मला दुसऱ्या दिवशी दीड तास लागला. पंखा बंद, खिडक्या बंद, घामाची धार, ओल्या स्वॅबची (सेन्सर पुसायच्या पट्टीची) एक फेरी डावीकडून उजवीकडे, मग नवा स्वॅब. प्रत्येक फेरीनंतर पांढऱ्या भिंतीचा एफ/१६ वर फोटो काढून ठिपके मोजायचे. चार स्वॅब गेले.

लेन्स बदलायचीच असेल तर आधी कॅमेरा बंद करा, वाऱ्याला पाठ करा, बॉडीचं तोंड जमिनीकडे ठेवा आणि दुसरी लेन्स मागचं झाकण सैल करून हाताशी तयार ठेवा. यात्रेत, खळ्यावर, ट्रॅक्टरच्या मागे तर लेन्स बदलूच नका. एक लेन्स लावून जा आणि पायांनी जवळ-लांब व्हा. मी स्वतः तेच करतो.

हे वाचून "मग छोटाच बरा, त्याची लेन्स निघतच नाही" असं ठरवू नका, ती उलटी चूक आहे. त्याच यात्रेत ओळखीच्या एकाने छोटा कॅमेरा दिवसभर शर्टाच्या खिशात उघडा ठेवला. दुपारी चालू केला तर लेन्स कर्र करत अर्धी बाहेर आली आणि तिथेच अडली. आत-बाहेर होणाऱ्या नळीत वाळूचा एक कण गेला तरी बारीक दाते फसतात. ब्लोअरने ते निघत नाही, घरी उघडताही येत नाही, आणि दुरुस्तीत बहुतेक वेळा अख्खी लेन्सच बदलावी लागते. झिपवाली छोटी पिशवी दहा-वीस रुपयांत मिळते. ती वापरा. आणि अडकलेली लेन्स ओढून बाहेर काढू नका, दर महिन्याला एक तरी असा मोडलेला कॅमेरा माझ्याकडे येतो.

पक्ष्यांसाठी घेतला, पण लेन्स?

हतनूरच्या पाण्यावर हिवाळी पाहुणे आले की हा प्रकार सुरू होतो. कुणीतरी रानपिंगळ्याची गोष्ट ऐकलेली असते. शंभराहून जास्त वर्षं कुणाला न दिसलेला हा पक्षी १९९७ च्या नोव्हेंबरात आपल्या शहाद्याजवळ पुन्हा सापडला, त्याचा अभिमान मलाही आहे. पण जेमतेम वीतभर उंचीचा तो पिंगळा ५५ एमएमच्या किट लेन्समध्ये फांदीवरची गाठ दिसतो. पक्ष्यांसाठी निदान ३०० एमएम लागते. तेवढे पैसे नसतील तर लेन्स न निघणारा, लांब झूमचा ब्रिज कॅमेरा घ्या, दिवसाउजेडी तो चांगलं काम देतो. फक्त डिजिटल झूम, जो फोटो नुसता कापून मोठा करतो, तो मेनूत जाऊन कायमचा बंद करा.

आता भराभर

उन्हात बघायचं विसरू नका. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली प्रत्येक स्क्रीन सुंदर दिसतो, एप्रिलमध्ये शेतात उभं राहिल्यावर काहीच दिसत नाही. डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर ही डीएसएलआरची इकडच्या उन्हातली सगळ्यात मोठी सोय आहे. बाहेरचं काम जास्त असेल तर मी याच एका कारणासाठी डीएसएलआर सुचवतो.

बॅटरीचंही तसंच. डी३५०० एका चार्जवर कंपनीच्या मोजणीने १५५० फोटो काढतो, छोटे कॅमेरे साधारण ३०० च्या आसपास. छोटा घेतलात तर दुसरी बॅटरी त्याच दिवशी घ्या.

कॅमेरा गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत ४० अंशांपर्यंतच वापरा असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात जळगावचं तापमान सावलीतच ४५ ला जातं, बंद गाडीचं तर विचारूच नका.

पहिल्या दिवसापासून मॅन्युअल मोडचा हट्ट कशाला? तोपर्यंत पोरगं पळून गेलेलं असतं. ॲपर्चर प्रायॉरिटीवर ठेवा (लेन्सचं तोंड तुम्ही ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो), आयएसओ ऑटो, आणि सहा महिने त्यावरच काढा. महिन्याभरात "आता कुठली लेन्स घेऊ" विचारणाऱ्याला मी आधी हजार फोटो दाखवायला सांगतो. रेडिमेड प्रीसेट मारून रंग भडक करणं हे फोटो शिकणं नाही, हे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पोराला सांगतो, त्यांना आवडो न आवडो.

जुना घेताना

नव्या डीएसएलआरची निवड आता फार उरलेली नाही, कंपन्यांनी सगळा जोर मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर, लावलाय. त्यामुळे जुन्या बाजारात स्वस्तात चांगल्या बॉडी मिळतात आणि चुकाही तिथेच होतात. लग्नाच्या कामात घासलेली बॉडी बाहेरून पुसून चकचकीत केलेली असते. शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढलेत तो आकडा, बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. साध्या बॉडीचं शटर साधारण १ लाख क्लिकचं धरतात. लेन्स उजेडाकडे धरून आरपार बघा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी आहे, ती लेन्स घेऊ नका.

निकॉनची डी३००० किंवा डी५००० मालिकेतली बॉडी असेल तर लेन्सवर एएफ-एस लिहिलंय का ते वाचा; एएफ-पी या मालिकांतल्या फक्त नव्या बॉडींवर चालते. या बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते. नुसतं एएफ आणि शेवटी डी लिहिलेली जुनी ५० एमएम स्वस्त मिळते, बसतेही बरोबर, पण फोकस हातानेच फिरवावा लागतो. चोपड्याचा एक मुलगा अशी लेन्स "बिघडली" म्हणून बसने माझ्याकडे घेऊन आला होता. लेन्स ठणठणीत होती. मी त्याला माझ्याजवळची एएफ-एस लावून दाखवली, त्याची जुनी ठेवून घेतली आणि वरचा फरक तीन हप्त्यांत घेतला.